फोन यायच्या आधी धुतलेलं लुगडं

आदल्या सांजेला आम्ही दोघांनी मिळून तिची बॅग भरली. दोघांनी म्हणजे ती खाटेवर बसून सांगत होती आणि मी खाली बसून भरत होतो. तिच्या उजव्या हाताची बोटं हिवाळ्यापासून आखडली होती. चेन ओढता येत नव्हती, गाठ मारता येत नव्हती. लेकीनं पुण्याला बोलावलं होतं, तिकडच्या डॉक्टरला हात दाखवायला. आठ दिवस राहायचं आणि परत यायचं. मी जाणार नव्हतो. घरी दोन शेळ्या, त्यातली एक गाभण.

"आदी बॅगचं बूड बघा," ती म्हणाली. "मागल्या टायमाला चिवड्याचं तेल सांडल्तं त्यात."

मी बॅग उलटी करून झटकली. चिवड्यातला एक शेंगदाणा पडला. तो मी खाल्ला.

"काय माणूस हाय," ती म्हणाली. "आता चांगलं लुगडं घ्या. आतली बाजू भाईर करा. बुडाला ठिवा."

चांगलं लुगडं नेहमी उलटं करून बुडाला जायचं. वाटेत घासलं, मळलं तरी आतली बाजू खराब होते, वरची राहते. त्यावर रोजची दोन. झंपर लुगड्याच्या घडीच्या आत, म्हणजे शोधावं लागत नाही. चप्पल खताच्या गोणीचा तुकडा गुंडाळून बाजूला. भाकरीचं फडकं बॅगेत बिलकुल नाही, त्याची पिशवी वेगळी.

"आता निंबाचा पाला टाका."

"आठ दिवसासाठी पाला कशाला?"

"कापडाला काय म्हाईत आठ दिवस हायेत का आठ म्हैने."

मी बाहेर जाऊन पाला तोडून आणला. मंग तिनं बॅगेच्या आतल्या बाजूला लेकीचा फोन नंबर लिहायला लावला. मी चौथीपर्यंत शिकलो, आकडे बराबर काढतो. पेन कापडावर उठत नव्हता, दोन-दोनदा गिरवावं लागलं.

"कुणाचा लिवला?"

"पोरीचा."

"तुमचा लिवा ना."

"माझा कधी लागतो का तुला?"

"ते बी खरंच."

चेन मी ओढली. ती म्हणाली, "अन् मी गेल्यावर माझ्या कापडाला हात लावू नका. फोन येऊ द्या." मी म्हणलं, हो.

हे कापडाचं सांगावं लागेल. आमच्या घरात नेम होता. माणूस गावाला निघालं की त्यानं अंगावरून काढलेलं कापड तो पोचल्याचा निरोप येईपर्यंत धुवायचं नाही. घर झाडायचं नाही आणि डोक्यावरून न्हायचं नाही हे पुष्कळ घरांत पाळतात, एक दिवस. आमच्यात कापडाचं जास्त होतं. माझ्या मायपासून होतं आणि मायनंतर ते हिनं धरलं.

आम्ही वीस-बावीस हंगाम ऊस तोडायला गेलो. दिवाळी झाली की कारखान्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांचं काम एकाच नावावर. निघताना सगळ्यांची गठुडी एका ट्रॅक्टरवर पडायची. पन्नास माणसांची गठुडी, सगळी सारखी. आपलं ओळखू यावं म्हणून ही गाठीला लाल चिंधी बांधायची. नंतर सगळ्याच बाया लाल चिंधी बांधायला लागल्या, मंग हिनं हिरवी बांधली.

माय गावात राहायची. निघायच्या दिवशी आम्ही काढलेली कापडं दोरीवर तशीच. तेव्हा फोन नव्हते. कुणी कारखान्यावरून गावाकडं आलं आणि "पोचले बरं का तुमचे" म्हणलं, की माय धुणं काढायची. कधी पंधरा दिवस, कधी महिना. एका साली कुणी आलंच नाही. सहा महिन्यांनी आम्ही परत आलो तर माझं धोतर आणि हिचं लुगडं दोरीवर जसंच्या तसं. उन्हानं एक बाजू पांढरी पडलेली. धोतराला उंदरानं भोक पाडलेलं.

मी म्हणलं, "माय, पोचलो मी. आता तरी धू."

माय म्हणली, "तू माघारी आला. पोचला का न्हाई ते मला कुनी सांगितलंच न्हाई."

ही हसली होती. मला राग आल्ता, धोतर नवं होतं.

दुसरा नेम हिचा स्वतःचा. वाटेवरून आलेलं कापड, नेसलेलं असो का नसो, धुतल्याबिगर पेटीत जायचं नाही. एका हंगामाला गठुड्याच्या घडीत ढेकूण आले होते. न नेसलेल्या लुगड्यात. सगळा उन्हाळा आम्ही घरात झोपलो नाही. तेव्हापासून कुठंही जाऊन आलं, अगदी राजूरच्या गणपतीला जाऊन त्याच दिवशी परत आलं, तरी पिशवीतलं सगळं पाण्यातून काढायची.

ऊस तोडताना पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, हाताला कापतं. म्हणून बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना सदरा घालतात, लांब बाह्यांचा. हिनं माझे किती सदरे फाडले त्याचा हिशोब नाही. माझं कापड तिच्या अंगावर असायचं. तिचं लुगडं मी मातर कधी धुतलं नाही. आमच्या टोळीत एकाची बायको बाळंत झाली होती आणि त्यानं तिची लुगडी नदीवर नेऊन धुतली. त्याला सगळ्यांनी हंगामभर "लुगडेवाले" म्हणून हाका मारल्या. हाका मारणाऱ्यांत मी पण होतो.

बोटं आखडल्यापासून माझे कपडे मी धुत होतो. माझे सदरे, माझं धोतर. तिचं लुगडं ती मला देत नव्हती. घमेल्यात भिजवायची आणि पायानं तुडवायची. पिळता यायचं नाही म्हणून तसंच ओलं, पाणी गळतं दोरीवर टाकायची. मी बघत बसायचो. मी कधी म्हणलं नाही, आण इकडं. तिनंही कधी म्हणलं नाही.

सकाळी तिनं अंगावरचं लुगडं काढून दोरीवर टाकलं. मातकट रंगाचं, बारीक ठिपक्याचं. दुसरं नेसली. आम्ही रिक्षानं शहागडला हायवेवर आलो. साडेसहाला पुण्याची एसटी आली. मी बॅग घेऊन आत चढलो. खिडकीची जागा मिळाली. बॅग वर टाकायला गेलो तर म्हणली, "वर नको, पायापाशी ठिवा." पायापाशी ठेवली. रुमाल, गोळ्या, पाण्याची बाटली, सगळं विचारून झालं.

"उतरा आता," ती म्हणाली, "न्हाई तर पुण्याला याल. शेळीकडं कोण बघंल?"

मी उतरलो. गाडी गेली. मी हाटेलात एक चहा घेतला आणि घरी आलो.

नळाला आमच्याकडं आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. कधी येईल सांगता येत नाही. त्या दिवशी नऊला आलं. नक्की नऊला, कारण शेजारच्याच्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी ड्रम भरला, हांडे भरले, शेळ्यांची बादली भरली. पाणी चालूच होतं. भांडी संपली. पाणी वाया चाललं होतं आणि दोरीवर ते लुगडं.

मी घेतलं. दोन गोष्टी मनात आल्या होत्या, दोन्ही लिहितो. एक, पाणी फुकट जात होतं. दुसरं, ती आठ दिवसांनी आली की तिला ते धुतलेलं दिसलं असतं. ती शिव्या देईल हे मला माहीत होतं. शिव्या देईल आणि नेसेल. नेमाचं मी मनाशी म्हणलं, आता मोबाईलचा जमाना, दुपारी फोन येणारच हाय, चार तासानं काय फरक पडतो. माझा अशा गोष्टींवर फार विश्वास नाही. कधीच नव्हता.

घमेल्यात मूठभर सोडा टाकला आणि भिजवलं. मंग दगडावर घासलं, पिळलं. नऊवार पिळायला दोन माणसं लागतात. मी एक टोक खुंटीला बांधलं आणि दुसरं पिळत आणलं. दोरीवर टाकलं तेव्हा साडेनऊ-पावणेदहा झाले असतील.

अकराला फोन वाजला. लेकीचा. मी म्हणलं, "पोचली का आई? एवढ्या जल्दी?"

लेकीनं फोन जावयाकडं दिला. मंग जावई बोलले.

गाडी नगरच्या अलीकडं चहाला थांबली तेव्हा सगळे उतरले, ही उतरली नाही. डोकं खिडकीला टेकलेलं. शेजारच्या बाईला वाटलं झोपली. कंडक्टरनं हात लावून बघितलं. बॅग उघडली, आतला नंबर वाचला, लेकीला लावला. तिथल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या.

मी जावयाला विचारलं, "किती वाजता?"

"दवाखान्यात साडेदहाला आणलं म्हणे."

"तसं न्हाई. गेली किती वाजता?"

"ते कसं सांगता येईल, मामा."

बसून राहिलो. समोर लुगडं होतं. वाऱ्यानं हलत होतं, अजून ओलं. मला एकच गोष्ट पाहिजे होती. नऊच्या आधी का नऊच्या नंतर. आधी असेल तर मी पाण्यात घातलं तेव्हा ती गेलेलीच होती, माझ्या हातून काही झालं नाही. नंतर असेल तर मी लुगडं घासून राह्यलो होतो आणि ती तिकडं गाडीत जिती होती. ह्यापुढं मला काही सुचत नव्हतं. रडू येत नव्हतं. शेळी ओरडली, तिला पाला टाकला.

दिवस बुडायच्या आत तिला आणली. लेक नगरला येऊन तिच्यासंगं गाडीत बसून आली. बॅग पण तिच्याबरोबर होती, पायापाशी ठेवलेली. मी गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, तुम्हाला काही बोलले का, किती वाजता गेली. तो म्हणला, "काका, मी फक्त गाडी चालवतो."

अंगणात गर्दी झाली. तिच्या भावानं हिरवं लुगडं आणलं. बायांनी तिला न्हाऊ घातलं, सकाळी भरलेल्या ड्रममधल्या पाण्यानं. दोरी मध्ये येत होती. माणसं वाकून इकडून तिकडं जायची. एकदोघांच्या डोक्याला ते लुगडं लागलं. कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. एक बाई म्हणली, "वाळलंय हे, आंग पुसायला घेऊ का?" मी म्हणलं, नको. एवढं जोरात म्हणलं की चार माणसांनी माझ्याकडं बघितलं.

पुण्याचा एक माणूस त्याच गाडीत होता, त्याचा नंबर जावयाकडं होता. सरणाकडं जाताना मी जावयाला म्हणलं, त्याला फोन लावून विचारा. ती शेवटचं कवा बोलली, पाणी कवा प्याली. जावई म्हणले, "विचारतो मामा, नंतर." मंग माझ्या थोरल्या भावाला म्हणले, हळू, पण मला ऐकू आलं, "मामा टायमाचंच घेऊन बसलेत."

तिला जाळून आलो. भाकरी दिली, खाल्ली. भाजी कशाची होती आठवत नाही. पडलो. झोप लागली, हे पण लिहितो. माणसाला झोप लागते.

सकाळी उठून शेळ्यांना पाणी पाजलं. लेक बाहेर आली. डोळे सुजलेले. ती दोरीपाशी गेली आणि लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला.

"हे कवा धुतलं?"

"काल."

"काल कवा?"

"नळ आल्ता. नऊला."

लेक त्याच घरात वाढलेली. ती शाळेच्या सहलीला गेली तेव्हा तिचा फ्रॉक तीन दिवस त्याच दोरीवर होता. ती माझ्याकडं बघत राहिली.

"म्हणून तुमी कालपासून सगळ्यायला टाइम विचारून राह्यले का?"

"हा."

"आईनं सांगितलं न्हवतं का? हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं होतं."

मला वाटलं आता ती बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मी उभा होतो त्याच्यासाठीच. तिनं लुगड्याची एक घडी उलगडली आणि उजेडाकडं धरली. ठिपके दिसत नव्हते. मातकट रंग जाऊन वाळल्या पाचटासारखं झालं होतं.

"किती सोडा टाकला?"

"मूठभर."

"मूठभर?"

"माझ्या सदऱ्याला टाकतो तेवढाच."

"बाबा, लुगड्याला चिमूट लागती. आईनं बघितलं असतं तर तुमचा जीवच घेतला असता."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "त्या गाडीतल्या माणसाला मीच विचारलं काल. शेवगावच्या पुढं त्यानं तिला बिस्कीट दिलं. तिनं घेतलं. किती वाजले होते, त्याला म्हाईत न्हाई. मला बी न्हाई. डॉक्टरला बी न्हाई. आता पुन्हा कुणाला इचारू नका."

"न्हाई इचारत."

ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. माझ्यापुढं ठेवली. चेन मी ओढली. आत सगळं मी भरलं तसंच. वर रोजची दोन, घडीत झंपर, बुडाला चांगलं लुगडं उलटं केलेलं. निंबाचा पाला अजून हिरवा होता.

मी घमेलं ओढलं. थोरली भावजय ओट्यावर बसली होती, तिनं बघितलं.

"भावजी, हे काय करून राह्यले? सुतकात सोडा-साबण लावत न्हाईत. दहाव्यापस्तोर बांधून ठिवा."

लेक म्हणाली, "मोठ्याई, वाटेवरून आलेलं हाय ते. आईचा नेम."

"ते खरं. पर सुतकाचा बी नेमच हाय ना?"

"मंग कोणाचा पाळायचा?"

भावजयीनं विचार केला. तिनं पण हिच्यासंगं पाच-सहा हंगाम ऊस तोडला होता. ढेकणाचा उन्हाळा तिला माहीत होता, ढेकूण तिच्या घरात पण गेले होते.

"धुवा," ती म्हणाली आणि तोंड दुसरीकडं फिरवून बसली. "मी काय बघितलं न्हाई."

ड्रममध्ये वीतभर पाणी राहिलं होतं. ते घमेल्यात घेतलं. लेक म्हणाली, मी धुते. मी म्हणलं, नको, तू चहा कर. सोड्याचा डबा घेतला. हात आत घातला तेव्हा मूठ आपोआप भरली. ती परत डब्यात सोडली. चिमूट घेतली.

तिन्ही लुगडी, झंपर, रुमाल. एकदाही नेसलेलं नव्हतं. पाण्याला मळ आलाच नाही. पिळताना मी परत एक टोक खुंटीला बांधलं. लेकीनं बघितलं आणि येऊन ते सोडलं, टोक आपल्या हातात धरलं. आम्ही पिळलं.

दोरीवर जागा नव्हती. कालचं लुगडं काढलं, खांद्यावर टाकलं, आणि ही तिन्ही वाळत घातली.